ओल्या, जिवंत कातडीवरचा गोंद

काठीला फेविक्विकचे थेंब लावायचे, काठी पाण्यात बुडवायची आणि वर काढली की तिला मासे चिकटलेले. टीव्हीवर गाजलेली ही जाहिरात अनेकांना आजही आठवत असेल. जाहिरातीने अतिशयोक्ती करावी, त्यात गैर काही नाही. पण त्याच कुळातला गोंद माशांच्या अंगावर खरोखर वापरला गेला आहे. तो मासे पकडण्यासाठी नव्हे, तर त्यांच्या पोटावर शस्त्रक्रियेत घेतलेली चीर बंद करण्यासाठी. टाके घालायला मिनिटे लागतात, गोंद सेकंदांत धरतो. भूल दिलेल्या माशाच्या बाबतीत मिनिट आणि सेकंद यांतला फरक लहान नसतो, त्यामुळे हा विचार अनेक संशोधकांच्या मनात आला आणि प्रत्यक्षात तपासलाही गेला. माझे म्हणणे असे की, निव्वळ गोंदाने माशाचे पोट बंद करणे ही बहुतेक वेळा चुकीची निवड आहे, आणि ती का चुकीची आहे हे समजण्यासाठी गोंदापेक्षा माशाच्या कातडीकडे जास्त बारकाईने पाहावे लागते.

मुळात माशावर शस्त्रक्रिया करायचीच कशाला? सर्वांत मोठे कारण म्हणजे त्याचा माग काढणे. नदीतला मासा डोळ्यांना दिसत नाही, त्याचा रस्ता कळत नाही, तो कुठे मेला तेही कळत नाही. म्हणून त्याच्या उदरपोकळीत एक छोटे प्रक्षेपक यंत्र, म्हणजेच टॅग, ठेवतात. अमेरिकेच्या वायव्य भागातली कोलंबिया नदी हे या कामाचे सर्वांत मोठे क्षेत्र. तिच्या मुख्य प्रवाहावर १४ धरणे आहेत. स्नेक या उपनदीत जन्मलेल्या सॅमन पिल्लांपैकी अनेकांना समुद्र गाठेपर्यंत आठ धरणे पार करावी लागतात. स्नेक नदीतला सॉकाय सॅमन १९९१ मध्ये संकटग्रस्त म्हणून नोंदवला गेला, चिनूक सॅमन त्याच्या पुढच्या वर्षी धोक्यात आलेला म्हणून. धरणाच्या टर्बाइनमधून, सांडव्यावरून किंवा बाजूच्या वाटेने किती पिल्ले जिवंत पुढे जातात हे मोजणे तेव्हापासून कायद्याची गरज बनले. २००८ च्या सरकारी आदेशात त्याचे मापही ठरले: एका धरणातून पार होताना वसंतात उतरणाऱ्या पिल्लांपैकी ९६ टक्के आणि उन्हाळ्यात उतरणाऱ्यांपैकी ९३ टक्के जगली पाहिजेत. हे आकडे ध्यानात ठेवावेत, कारण जखम बंद करण्याचा प्रश्न अखेर त्यांच्यापाशीच येतो.

शस्त्रक्रिया कशी होते ते जवळून पाहू. मासा आधी भुलीच्या पाण्यात सोडतात. भुलीचे औषध बहुधा ट्रायकेन असते. ते पाण्याची आम्लता वाढवते म्हणून त्यात खाण्याचा सोडा मिसळावा लागतो. काही ठिकाणी लवंगेच्या तेलातले युजेनॉल वापरतात, दातदुखीवर आपण कापसाच्या बोळ्याने लावतो तेच. मासा कलंडला, शेपटी चिमटली तरी हलेनासा झाला, की त्याला ओल्या स्पंजच्या खाचेत पोट वर करून ठेवतात आणि तोंडात बारीक नळी घालून कल्ल्यांवरून पाणी खेळते ठेवतात. ही नळी म्हणजे त्याचा श्वास. पोटपरांच्या थोडे पुढे, पोटाच्या मध्यरेषेवर किंवा तिच्या जरा बाजूला बारीक चीर घेतात. मध्यरेषेवर स्नायू पातळ असतो आणि रक्त कमी येते. आतड्याला पाते लागणार नाही याची काळजी घेत टॅग आत सरकवतात. मग दोन-तीन टाके, प्रत्येकाची वेगळी गाठ. हाताच्या पंजात मावणाऱ्या पिल्लाच्या पोटावर चिमट्याने सुई फिरवणे आणि ओल्या, निसटत्या कातडीवर दोरा न फाडता गाठ आवळणे हे सरावाचे काम आहे. एकाच दिवशी शेकडो पिल्ले हातावेगळी करायची असली की सरावलेला हातही थकतो. गोंदाचा मोह इथेच होतो.

हा गोंद म्हणजे सायनोअ‍ॅक्रिलेट. १९४२ मध्ये ईस्टमन कोडॅक कंपनीत हॅरी कूव्हर बंदुकीच्या नेमपट्टीसाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते. तेव्हा हे रसायन हाती लागले आणि ते दिसेल त्याला चिकटते म्हणून बाजूला टाकले गेले. १९५१ मध्ये त्यांचे सहकारी फ्रेड जॉयनर यांनी त्याचा थर प्रकाशाचे वक्रीभवन मोजणाऱ्या यंत्राच्या दोन काचांमध्ये ठेवला, तर काचा सुटेचनात. तेव्हा कुठे त्याचे मोल कळले आणि १९५८ मध्ये ते बाजारात आले. बाटलीत ते सुटे रेणू असतात. पाण्याचा, किंवा प्रथिनांमधल्या अमाइन गटांचा, स्पर्श झाला की रेणू एकमेकांत गुंफत जातात आणि कडक साखळी तयार होते. या क्रियेत उष्णताही बाहेर पडते. व्हिएतनाम युद्धात जखमी सैनिकांचा रक्तस्राव थांबवायला त्याचा फवारा वापरला गेला. पुढे लक्षात आले की मिथिल किंवा एथिल या आखूड साखळीच्या प्रकारांचे शरीरात लवकर विघटन होते आणि त्यातून फॉर्माल्डिहाइड सुटून ऊतींना इजा होते. साखळी लांब असेल तर विघटन संथ होते आणि इजा कमी. म्हणून रुग्णालयात आणि जनावरांच्या दवाखान्यात ब्यूटिल आणि ऑक्टिल प्रकार वापरले जातात. ऑक्टिल प्रकाराला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९८ मध्ये माणसांसाठी मान्यता दिली, आणि आज लहान मुलाच्या कपाळावरची खोक अनेक ठिकाणी टाक्यांऐवजी त्यानेच बंद होते.

माणसात यशस्वी ठरलेली गोष्ट माशात का चालू नये, हा प्रश्न त्यामुळे सहज पडतो. त्याचे उत्तर माणसासाठी बनवलेल्या या गोंदाच्या वापराच्या नियमांतच सापडते. तो ओठाच्या आतल्या भागासारख्या ओल्या श्लेष्मल त्वचेवर लावायचा नाही. गुडघा किंवा कोपरासारख्या ताण पडणाऱ्या जागी तो एकट्याने वापरायचा नाही, आतून टाके घालून ताण आधी काढून घ्यायचा. जखमेच्या आत तो उतरू द्यायचा नाही, कडा जुळवून फक्त वरून थर द्यायचा. जखम फार वेळ भिजत ठेवायची नाही, पोहायचे नाही. माशाच्या पोटावर यातली प्रत्येक निषिद्ध गोष्ट एकाच वेळी हजर आहे. कातडी श्लेष्मल आहे, शेपटीच्या प्रत्येक हेलकाव्याबरोबर पोटाच्या भिंतीवर ताण येतो, चीर थेट उदरपोकळीत उघडते आणि मासा पाण्याबाहेर राहू शकत नाही. औषधाच्या वेष्टनावरचे नियम माशासाठी लिहिलेले नाहीत हे खरे, पण त्यांच्यामागचे कारण प्राण्यागणिक बदलत नाही. म्हणून माशावर गोंद चालतो असे म्हणणाऱ्याने पुरावाही तितकाच भक्कम दिला पाहिजे.

खरी अडचण याहून खोल आहे आणि ती मला या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते. आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर मेलेल्या, केराटिनने भरलेल्या पेशींचा असतो. सायनोअ‍ॅक्रिलेट चिकटतो तो या मृत थराला. हा थर कोरडा आहे, चिवट आहे आणि हळूहळू झडतो. पाच ते दहा दिवसांत तो झडताना गोंदाची पापडी सोबत घेऊन जातो आणि तोवर खालची जखम सांधलेली असते. गोंदाची वेळ आणि जखमेची वेळ इथे जुळून येतात. माशाच्या अंगावर असा मृत थर नसतो. त्याच्या बाह्यत्वचेत अगदी पाण्याला टेकलेली पेशीसुद्धा जिवंत असते. खवले आपल्याला बाहेरचे चिलखत वाटतात, पण ते आतल्या त्वचेत रुतलेले असतात आणि त्यांच्यावरूनही या जिवंत पेशींचा पातळ पडदा गेलेला असतो. या पडद्यात श्लेष्मा स्रवणाऱ्या पेशी विखुरलेल्या असतात. मासा हातातून निसटतो तो त्यांच्यामुळेच. हा बुळबुळीत थर सतत तयार होतो, सतत धुऊन जातो, आणि त्यात लायसोझाइमसारखी जंतुनाशक द्रव्ये असतात. गोंद लावायचा तर हा थर पुसावा लागतो, म्हणजे माशाचे पहिले संरक्षण आपणच काढून घेतो. न पुसता लावला तर गोंद श्लेष्म्यातल्या पाण्याला भेटताच वरच्यावर घट्ट होतो आणि पांढरी, ठिसूळ पापडी बनतो, जिची पकड खाली कशावरच नसते. नीट पुसून लावला तरी तो ज्या पेशींना धरतो त्या जिवंत, नाजूक आणि लवकर टाकून दिल्या जाणाऱ्या असतात. उष्णतेने आणि रसायनाने त्यातल्या काही मरतात, त्यांच्याखाली नव्या पेशी सरकतात आणि गोंद काही दिवसांत सुटतो.

तो सुटतो तेव्हा जखम कुठवर आलेली असते? माशाच्या जखमेचे दोन वेग असतात. वरचा पडदा विलक्षण वेगाने सांधतो. चिरेच्या दोन्ही कडांवरच्या पेशी सपाट होऊन एकमेकींकडे सरकू लागतात, आणि लहानशी जखम काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत पेशींच्या पातळ थराने झाकली जाते. सस्तन प्राण्यांत आधी खपली धरते, मग तिच्याखालून पेशी सरकतात. माशाला तेवढी सवडच नसते. गोड्या पाण्यातल्या माशाचे रक्त भोवतालच्या पाण्यापेक्षा खारट असते, त्यामुळे उघड्या जखमेतून पाणी आत येते आणि क्षार बाहेर जातात. समुद्रात याच्या नेमके उलट घडते. दोन्हीकडे शक्य तितक्या लवकर पाणी अडवणे हा जगण्याचा प्रश्न असतो. पण हा पडदा पाणी अडवतो, ताण पेलत नाही. माशाच्या पोटाच्या भिंतीची मजबुती आतल्या त्वचेतल्या कोलॅजनच्या दाट, आडव्याउभ्या विणीत असते, आणि ती वीण पुन्हा तयार व्हायला आठवडे लागतात. पाणी थंड असेल तर आणखी वेळ, कारण माशाचे शरीर पाण्याच्या तापमानानेच चालते. टाका या विणीतून आणि तिच्याखालच्या स्नायूतून जातो, म्हणून तो धरतो. गोंद विणीला शिवतही नाही, तो वरच्या पडद्यालाच लागलेला असतो. म्हणजे जो थर स्वतःहून लगेच सांधणार होता त्याला गोंद मदत करतो, आणि ज्या थराला कित्येक आठवडे आधाराची गरज आहे तिथे तो पोचत नाही. त्यातून चिरेच्या दोन कडांमध्ये गोंद उतरला तर तो तिथे परक्या वस्तूसारखा बसतो. कडा एकमेकींना भेटत नाहीत आणि दाह वाढतो.

यावर एक आक्षेप मत्स्यालय पाळणाऱ्यांकडून येतो. समुद्री टाकीत प्रवाळाचे तुकडे खडकाला चिकटवायला हाच गोंद, जेलच्या रूपात, पाण्याखाली सर्रास वापरला जातो आणि तो छान धरतो. मग पाण्याला दोष का द्यायचा? आक्षेप खरा आहे आणि उपयोगी आहे, कारण त्यामुळे कळते की अडचण एकट्या पाण्याची नाही. प्रवाळाचा चुन्याचा सांगाडा आणि खडक दोन्ही कडक, खडबडीत आणि स्थिर असतात. जेलवर बाहेरून साल धरली तरी आतला ओला भाग दाबल्यावर खाचाखोचांत शिरतो आणि तिथे अडकून घट्ट होतो. त्या पृष्ठभागाला वाकायचे नसते आणि स्वतःचा वरचा थर टाकूनही द्यायचा नसतो. माशाचे पोट मात्र दर क्षणी वाकते. कडक झालेला गोंद वाकत नाही, तेव्हा एक तर तो तडकतो किंवा धरलेल्या पेशींसकट उचकटतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकेत चॅनेल कॅटफिश, ब्लॅक क्रॅपी अशा माशांवर या गोंदाच्या चाचण्या झाल्या, आणि सगळ्यांचे निष्कर्ष गोंदाच्या विरोधात गेलेले नाहीत. काही माशांत गोंदाने बंद केलेल्या चिरा व्यवस्थित भरून आल्या. माझा युक्तिवाद बरोबर असेल तर हे कसे? मला वाटते, प्रत्येक अनुकूल निकालापुढे तीन प्रश्न ठेवायला हवेत. मासा कुठला होता? कॅटफिशला खवले नसतात, त्याची कातडी जाड असते, त्यामुळे त्याच्यावरून खवल्यांच्या, पातळ कातडीच्या सॅमन पिल्लाबद्दल अनुमान काढता येत नाही. तो ठेवला कुठे होता? टाकीच्या संथ, उबदार पाण्यात पोटावर ताण कमी असतो आणि जखमही लवकर भरते. बाहेर नदीच्या लोंढ्यात पोहणाऱ्या, भक्षकापासून पळणाऱ्या माशाला ही सवलत नाही. तिसरा प्रश्न सर्वांत निर्णायक: ज्यांची चीर बंदच केली नाही अशा माशांचा एक गट शेजारी ठेवला होता का? लहान चीर माशात आपोआप सांधते. गोंद लावला आणि जखम भरली, एवढ्यावरून गोंदाने जखम भरली असे सिद्ध होत नाही. जखम न बंद करताही तितकीच भरली असती, तर गोंदाचे काम शून्य आणि त्रास तेवढा उरला. गोंदाची तुलना फक्त टाक्यांशी केली की हा मुद्दा झाकला जातो, कारण मग दोघांतला कमी वाईट तो चांगला ठरतो.

टाके निर्दोष आहेत असे मात्र मुळीच नाही. सुईच्या प्रत्येक भोकाने एक नवी जखम होते. दोऱ्याचे शेपूट पाण्यात लोंबत राहते, त्यावर शेवाळ आणि बुरशी धरते. सॅप्रोलेग्निया नावाची बुरशीसारखी पांढरी, कापशी वाढ मत्स्यपालकांच्या ओळखीची आहे, ती अशा जागी सहज बसते. पिळाचा रेशमी दोरा पाणी आणि जंतू आत ओढून घेतो, म्हणून गुळगुळीत एकपदरी दोरा बरा, हे इंद्रधनुषी ट्राउटवरच्या चाचण्यांतून पुढे आले. विरघळणारा म्हणून विकला जाणारा दोराही थंड नदीत महिनोन्‌महिने तसाच राहू शकतो, कारण त्याचे विरघळणे पाण्याशी होणाऱ्या रासायनिक क्रियेवर अवलंबून असते आणि ती क्रिया थंडीत मंदावते. गाठ जास्त आवळली तर दोरा कातडी कापत बाहेर येतो. हे दोष मान्य करूनही मी गोंदाकडे वळत नाही. टाक्याचे दोष हात सुधारून, दोरा बदलून, टाके कमी करून घटवता येतात. टर्बाइनमधला दाब प्रयोगशाळेत निर्माण करून एकच टाका पुरतो का हेही तपासले गेले आहे. गोंदाचा दोष असा घटत नाही, कारण तो ज्या थराला चिकटतो त्या थरातच तो आहे.

वेळ वाचतो, हा गोंदाच्या बाजूचा सर्वांत प्रामाणिक मुद्दा. माशाचे भुलीखालचे प्रत्येक मिनिट त्याच्या शरीरावर ताण आणतो, आणि माशाला वेदना होत नाहीत असे बेधडक म्हणण्याची सोयही आता उरलेली नाही. २००३ मध्ये लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी ट्राउटच्या डोक्यावर इजा ओळखणाऱ्या चेता दाखवून दिल्या. म्हणून मिनिटे वाचवणे हे पुण्याचे काम आहे यात शंका नाही. परंतु हिशेब शस्त्रक्रियेच्या टेबलावर संपत नाही, तो पुढे नदीत चालतो. इथे ९६ टक्क्यांचे माप पुन्हा समोर ठेवू. शंभरांपैकी चारच पिल्ले मरायची मुभा आहे. समजा, त्यातल्या दोघांची जखम उकलली आणि टॅग नदीत गळून पडला, किंवा ती जंतुसंसर्गाने मेली. टॅगचे संकेत टिपायला नदीत बसवलेल्या यंत्रांना दोन्हींत एकच गोष्ट कळते: पुढच्या ठाण्यावर हे पिल्लू आले नाही. त्याची नोंद धरणाच्या खात्यावर पडते. मग धरणाची रचना बदलण्यावर, सांडव्यातून जास्त पाणी सोडण्यावर, म्हणजेच वीज कमी करण्यावर निर्णय होतात, आणि त्यांचे मूळ एका उकललेल्या चिरेत असू शकते. उलटही घडते. अशी चूक गृहीत धरून आकडा सैल केला, तर खरोखर मासे मारणारे धरण सुटून जाते. टेबलावर वाचलेल्या सेकंदांची ही किंमत फार मोठी आहे.

टॅग गळणे हे केवळ कल्पनेतले संकट नाही. १९८० च्या दशकातच चॅनेल कॅटफिशवर काम करणाऱ्यांना दिसले होते की माशाचे शरीर टॅगला परकी वस्तू मानून त्याभोवती ऊतींचे आवरण विणते आणि पुढे ते पोटाच्या भिंतीतून किंवा चक्क आतड्यातून बाहेर ढकलते. चिरेची जागा कमकुवत राहिली तर ही वाट आणखी सोपी होते.

आणि मग कोलंबियावरच या प्रश्नाला जे उत्तर मिळाले ते मला गोंद आणि दोरा या दोघांपेक्षाही समाधानकारक वाटते. जखम कशाने बंद करायची यावर वाद घालण्याऐवजी जखमच इतकी लहान करायची की ती बंद करावी लागू नये. याची चुणूक १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात पिट टॅगने दाखवली होती. तांदळाच्या लांबट दाण्याएवढी ही काचेची नळी, तिला स्वतःची बॅटरी नाही. जाड सुईने ती पोटात सोडतात आणि सुईचे भोक तसेच राहू देतात. ते भरून येते. मात्र तिचा क्रमांक वाचकयंत्राच्या अगदी जवळून गेल्याशिवाय कळत नाही. लांबून ऐकू येणाऱ्या ध्वनी-टॅगला बॅटरी लागते, म्हणून तो जाड, म्हणून चीर मोठी, म्हणून टाके. पॅसिफिक नॉर्थवेस्ट राष्ट्रीय प्रयोगशाळेने ही साखळी बॅटरीपाशी तोडली. २०१५ मध्ये त्यांनी जाहीर केलेला ध्वनी-टॅग १५ मिलिमीटर लांब, ३.३८ मिलिमीटर जाड आणि २१६ मिलिग्रॅम वजनाचा होता. तो सुमारे तीन मिलिमीटरच्या छेदातून आत सरकतो आणि छेदाला टाका लागत नाही. वाचलेला वेळ इथेही आहेच. पण तो कातडीशी झगडून मिळवलेला नाही, कातडीची स्वतःची सांधण्याची ताकद ओळखून मिळवलेला आहे.

मोठ्या माशांत मोठे, वर्षानुवर्षे चालणारे टॅग लागतात, अर्बुद काढायचे तर चीर मोठीच घ्यावी लागते, त्यामुळे दोऱ्याची गरज संपणार नाही. नव्या गोंदांकडेही डोळे लावून बसलेले लोक आहेत, आणि त्यांची आशा निराधार नाही. शिंपला लाटांच्या माऱ्यातही खडकाला धरून राहतो तो डोपा नावाचा घटक असलेल्या प्रथिनांच्या बळावर. २०१७ मध्ये हार्वर्डच्या गटाने एका गोगलगायीच्या स्रावावरून सुचलेला, रक्ताने ओल्या झालेल्या ऊतीलाही धरणारा आणि ताणला जाणारा गोंद दाखवला. ओल्यावर न धरणे आणि कडकपणा हे सायनोअ‍ॅक्रिलेटचे दोन दोष असे पदार्थ नक्कीच दूर करतात. तिसरा दोष, म्हणजे ज्याला धरायचे तो थरच टाकून दिला जाणे, उरतो. आतल्या त्वचेच्या कडांना धरून राहील, तिथे दाह करणार नाही आणि कोलॅजन येईल तसतसा विरत जाईल असा गोंद झाला, तर मी हा लेख मागे घ्यायला तयार आहे. तोवर सायनोअ‍ॅक्रिलेटची जागा मर्यादित आहे: पराची फाटलेली कड, वरवरची खरचटलेली जागा, किंवा टाक्यांच्या गाठी सुटू नयेत म्हणून त्यांच्यावर एक थेंब. तेही पशुवैद्यकाच्या हाताने आणि ब्यूटिल किंवा ऑक्टिल प्रकारचा. घरातल्या नळीतला एथिल गोंद गोल्डफिशच्या जखमेवर लावण्याचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नये. त्याची उष्णता आणि विघटनातून सुटणारे फॉर्माल्डिहाइड बाधणार ते जिवंत पेशींनाच.

आपल्याकडे हा विचार करायची वेळ आलेली आहे. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेने नॉर्वेच्या मदतीने जयंती रोहू हे वाण विकसित केले. त्या निवड पैदाशीत एकेक मासा ओळखायला पिट टॅगच कामी आले. भूतानच्या नद्यांत सोनेरी महासीरचा माग रेडिओ टॅगने काढला गेला आहे. महाराष्ट्रात लोणावळ्याजवळच्या वळवण येथे टाटांच्या केंद्रात गेली अनेक दशके महासीरची पिल्ले वाढवून सोडली जातात. सोडलेली पिल्ले कुठे जातात, किती जगतात हे जाणून घ्यायचे तर आज ना उद्या त्यांच्या पोटात टॅग बसवावे लागतील. तेव्हा कोलंबियाचे नियम जसेच्या तसे उचलून भागणार नाही. सह्याद्रीतले पाणी त्या नदीपेक्षा खूप उबदार आहे. जखम लवकर भरेल, विरघळणारा दोरा वेळेवर विरघळेल, पण जंतूही तितक्याच जोमाने वाढतील. महासीरचे खवले मोठे आणि जाड असतात, चीर दोन खवल्यांच्या मधून घ्यायची की एक-दोन खवले काढून, इथपासून सुरुवात आहे. असा प्रयोग करणाऱ्याने टाके आणि गोंद अशी दोघांचीच झुंज लावू नये. एक गट टाक्यांचा ठेवावा, एक गोंदाचा, एक चीर तशीच सोडलेला आणि एक सुरी न लावलेला. माशांना टाकीच्या संथ पाण्याऐवजी वाहत्या पाण्यात पोहवावे, आणि निकाल भूल उतरल्यावर लगेच न लिहिता कोलॅजन यायला जेवढे आठवडे लागतात तेवढे थांबून लिहावा.